परफेसरसाहेबांची मात्रा

सहदेवच्या रागाला पोशीर गावात कुणी राग म्हणत नसे. ‘सहदेवला आली’ एवढंच म्हणत, एखाद्याला हिवतापाची थंडी यावी तशी. आली की माणसं आपापल्या भांड्याकुंड्यांसकट बाजूला होत. गेली की हाच सहदेव इतका भला, की काल ज्याच्या अंगावर धावून गेला त्याच्याच शेतात आज कमरेत वाकून भाताची रोपं लावताना दिसे. पण गाव रोपं विसरतं आणि धावून गेलेलं लक्षात ठेवतं, आणि त्यात गावाचं तरी काय चुकलं?

हा राग त्यानं कमावलेला नव्हता, वडिलोपार्जित होता. जमीन भावाभावांत वाटली गेली, राग मात्र सगळाच्या सगळा ह्याच्या वाट्याला आला. बाप तसाच होता. त्याचं थोरल्या लेकीच्या, चिंधीच्या सासरी काहीतरी बिनसलं आणि ‘तुमचा उंबरा पुन्हा चढणार नाय’ असं तो बोलून बसला. चिंधी पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही रीत, पण तिला आणायला बापानं जायला हवं, आणि बाप काही जाईना. शेवटी चिंधी बाळंतपणात सासरीच गेली, पोटातल्या पोरासकट. त्या दिवसानंतर बाप कुणावर रागावला नाही. फारसं कुणाशी बोललाही नाही. सहदेवला तेव्हा नुकती मिसरूड फुटत होती. आपण जन्मात असं करायचं नाही, अशी त्यानं मनाशी गाठ मारली.

आणि केलं काय, तर नेमकं तेच.

त्याची एकुलती एक लेक इंदू खालापूरला मालोजीरावांच्या घरी दिली होती. दिवाळीला तिला आणायला सहदेव मोठ्या हौसेनं मुराळी होऊन गेला. मालोजीराव माणूस थट्टेखोर. जेवायला बसल्यावर ते म्हणाले, “व्याही, पोशीरचा तांदूळ आमी कोंबड्यांना घालतो, माणसांसाठी हा खालापूरचा.” आता व्याही व्याह्याची थट्टा करणार नाही तर कोण करणार? त्यावर ‘म्हणून तुमच्या कोंबड्या तुमच्यापेक्षा धडधाकट’ असं काहीतरी ठोकून द्यायचं, सगळ्यांनी हसायचं, दुसरा भात वाढून घ्यायचा. पण सहदेवला आली. त्यानं ताट पायानं सारलं, भरल्या ताटावरून उठला, आणि ‘ह्या घरचं पाणी पिणार नाय’ म्हणत लेकीला न घेताच चालू लागला. घराचा कोपरा वळेपर्यंत राग उतरला. पण परत कसं फिरायचं? तसाच पोशीरला आला.

मग कळलं, की इंदूला दिवस गेलेत.

खालापूरहून निरोप आला तो असा: बाळंतपण आमी करायला समर्थ हाय. न्यायचीच असंल तर सातव्या महिन्यात न्या, आठव्यात हलवू देणार नाय. आणि ज्यानं ताट लाथाडलं त्यानंच यावं, दुसरं कुणी नगं.

“आता?” भागूबाई म्हणाली. ही त्याची बायको. हिनं आयुष्यभर ह्या माणसाच्या मागं फिरून लोकांची समजूत काढली होती आणि आता ती त्याला विटली होती. “जाल न्हवं? गेलात तर तितं काय दिवे लावाल?”

“जाईन.”

“अन् त्यांनी काय बोललं म्हंजी?”

तेच तर सहदेवला ठाऊक नव्हतं.

भाताची झोडणी उरकली की सहदेव दरसाल माथेरानवर रिक्षा ओढायला जाई. डोंगरावर मोटार नाही, तेव्हा साहेबलोकांना बंगल्यापासून बाजारापर्यंत माणसांनीच न्यायचं. एकजण पुढं दांड्यांत, दोघं मागं. पुढं सहदेव असे, मागं त्याच्याच गावचा धाकलू आणि आणखी कुणी मिळेल तो. त्या साली त्यांना एक रोजचं गिऱ्हाईक लाभलं. मुंबईच्या कुठल्याशा कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले एक म्हातारे गृहस्थ दम्यासाठी हवापालट करायला येऊन राहिले होते. सगळे त्यांना परफेसरसाहेब म्हणत. अंगानं काटकुळे, गुडघे गेलेले, पण तोंड मात्र शाबूत. रिक्षात बसले की चालू. एकदा समोरून घोडेवाला आडवा आला म्हणून सहदेवनं त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या, तेव्हा ते मागून म्हणाले, “सहदेवा, घोडा तुझ्या हातात आहे का?”

“नाय.”

“घोडेवाला?”

“नाय.”

“मग तुझ्या हातात काय आहे?”

“रिक्षाच्या दांड्या हायेत सायेब, अन् तुमी हायेत आत. सोडू?”

म्हातारा खुशीत हसला. त्या दिवसापासून त्यानं सहदेवला शिष्यच करून टाकलं. समुद्रापलीकडच्या देशात फार जुन्या काळी काही शहाणे लोक होऊन गेले, म्हणे. त्यांतला एक तर लंगडा गुलाम. त्यांचं सांगणं असं, की जगात दोनच राशी. एक आपल्या हातातल्या गोष्टींची, दुसरी हाताबाहेरच्या. दुसऱ्याचं तोंड, पाऊसपाणी, आजार, मरण, हे सगळं हाताबाहेरचं. त्यावर चिडणं म्हणजे डोंगराला शिव्या देणं. आपल्या हातात आपलं मन, बस्स.

“त्या गुलामाला मालक मारायचा का?” सहदेवनं विचारलं.

“मारत असेल.”

“मंग मालकाला एक ठिवून द्यायची सोडून ह्ये काय बोलत बसला तो?”

पण रात्री चुलीपाशी भाकरी थापताना सहदेवला वाटलं, औषध कडू असेल पण दुखणं तर आपलंच सांगितलंय. सातव्या महिन्याला अजून अवकाश होता. तोवर ही मात्रा अंगी लागली तर? खालापूरला जाऊन थंडपणे बसता आलं तर? त्यानं दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगून टाकलं, ताट लाथाडल्यापासून चिंधीपर्यंत. साहेबांना तर काय, कोरडवाहू शेताला पाट सापडल्यासारखं झालं.

पहिली मात्रा अशी, की सकाळी उठल्याबरोबर आज आपल्याला कोण कोण त्रास देणार ते मनात आणायचं, म्हणजे तो त्रास अंगावर आला तरी झोंबत नाही. सहदेवनं ती प्रामाणिकपणे घेतली. मिश्री लावता लावता तो एकेकाला आठवी: बाजारातला वाणी मापात मारणार, घोडेवाला आडवा येणार, धाकलू चढाला अंग चोरणार. तोंड धुऊन होईपर्यंत त्याला सगळ्यांचा राग येऊन बसलेला असे, माणसं भेटायच्या आधीच. एकदा तर धाकलू नुसता जांभई देत समोर आला आणि अजून न चोरलेल्या अंगाबद्दल त्यानं शिव्या खाल्ल्या.

“आरं पन मी केलं काय?” धाकलू म्हणाला.

“करनार हायेस!”

धाकलूनं कपाळाला हात लावला. “सहदेव, तुजा नुसता राग परवडला रं. ह्ये ग्यान नगं.”

पुढची मात्रा मात्र भलतीच निघाली. बाजाराकडून परतताना उतार होता. साहेब म्हणाले, की आपल्याला प्रिय असेल ती वस्तू हातात घेताना मनाशी म्हणावं, ही फुटणारी आहे. आधी मडक्यापासून सुरुवात करावी. मडकं फुटणारं आहे, बैल मरणारा आहे, असं करत करत माणसांपर्यंत यावं. “तुझी लेक आहे ना, सहदेवा, तीही मर्त्यच आहे, हे जर तू रोज मनाशी…”

रिक्षा थांबली. सहदेवनं दांड्या जमिनीवर टेकवल्या, पटका सारखा केला आणि मागं न बघता झाडीतून चालू लागला. धाकलू ‘सहदेव, आरं सहदेव’ करत त्याच्या मागं धावला, तिसरा गडी धाकलूच्या मागं. म्हातारा तांबड्या धुळीच्या रस्त्यात एकटाच रिक्षात बसून राहिला.

सहदेवला वाटलं, आता गिऱ्हाईक गेलं, वर बोभाटा होऊन रिक्षाही जाणार. दुसऱ्या दिवशी तो खाली मान घालून बंगल्यावर गेला. साहेब काठी टेकत, लंगडत बाहेर आले आणि काही झालंच नाही असे रिक्षात चढले.

“सायेब, काल…”

“काल तू गेलास ते माझ्या हातात नव्हतं,” साहेब शांतपणे म्हणाले. “चालत घरी येणं माझ्या हातात होतं. आलो.”

साहेबांनी एक शिवी दिली असती तर फिट्टंफाट झाली असती. म्हाताऱ्याच्या त्या शांतपणानं सहदेव दिवसभर धुमसत राहिला. पण मनात कुठंतरी हेही उतरलं, की असं जमलं पाहिजे. मालोजीराव काय वाट्टेल ते बोलोत, आपण असं बसायचं. आढ्याला टांगलेल्या भोपळ्यासारखं.

माघात तो दिवस आला. सहदेवनं गाडी जुंपली, आत पेंढा अंथरला, धाकलूला हाकायला घेतलं. भागूबाईनं गाडीची चाकं वेस ओलांडेपर्यंत सोबत येत तेच तेच सांगितलं, “गप ऱ्हावा. काय बी बोलले तरी गप ऱ्हावा. देवाच्यान गप ऱ्हावा.” कर्जतला एका नातलगाकडं मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत गाडी खालापूरला मालोजीरावांच्या अंगणात उभी राहिली.

अंबाबाई, म्हणजे विहीणबाई, पायावर पाणी घेऊन आली. मग तांब्या आणला. सहदेवनं ‘पिणार नाय’ म्हणून शपथ घेतलेलं ते पाणी घटाघटा प्यायलं. ओसरीवरून मालोजीराव बघत होते.

“काय व्याही, पानी चाललं वाटतं? गोड लागलं का आमच्या हिरीचं?”

मालोजीरावाची जीभ माझ्या हातातली नाही, सहदेव मनाशी म्हणाला. तो नुसता बसला.

“अंबे, पाट जरा लांब मांड गं. अन् ताटाला दोरी बांध, पावन्यांच्या पायाला ताटं लागत्यात.”

शेजारचे दोघेतिघे मुद्दाम येऊन बसले होते, ते हसले. सहदेव हसला नाही, चिडला नाही. समोरच्या खांबाकडं बघत राहिला. दाराआडून इंदूचं पोट आणि अर्धा चेहरा दिसत होता. ती डोळ्यांनी त्याला काहीतरी खुणावत होती, पण तिच्याकडं बघितलं तर मात्रा मोडेल म्हणून त्यानं खांब सोडला नाही.

पानं मांडली. भात वाढताना मालोजीराव म्हणाले, “ह्यो पोशीरचा नव्हं, घाबरू नगा.” सहदेव जेवला, उठला, चूळ भरली. धाकलूनं त्याच्याकडं असं बघितलं, जणू ‘जिंकलास गड्या आज!’ सहदेवच्याही मनात आलं, परफेसर, तुझे पाय धुऊन पाणी पिईन.

मग तो म्हणाला, “पोरीला न्यायला आलोय.”

“नाय पाठवत,” मालोजीराव म्हणाले.

सहदेवला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण मालोजीरावांच्या तोंडावरची थट्टा पार पुसली गेली होती. “दिवाळीत तुमी ताट लाथाडलंत. म्हटलं, तापट मानूस हाय, होतं. मिटवायचं म्हनून आज सकाळपासनं मी बोलतोय. च्यार मानसं बोलावून बसवली, म्हटलं व्याही व्याही दोन शब्द उनेदुने बोलतील, हसतील, झालं गेलं गंगेला मिळंल. तर ह्यो मानूस तोंडात मिठाची गुळनी धरून बसलाय! आमी काय भिताडाशी बोलत व्हतो? लाथ परवडली. लाथ मारनारा निदान समोर मानूस हाय असं मानतो. तुमी तर आमाला बोलायच्या बी लायकीचं मानत नाय. असल्या घरी माजी सून मी पाठवू?”

अंबाबाईनं पदर तोंडाला लावला. इंदू दारातून आत गेली. धाकलू गाडीच्या दांडीवर मटकन बसला.

आता बघा. जन्मभर रागावून जे बिघडवलं ते बिघडवलंच, आणि जन्मात एकदा न रागावता बसला, तर तेही बिघडलं! सहदेव उभा होता. खांब होता तिथंच होता. मात्रा होती ती कुठल्या कुठं गेली, आणि सहदेवला आली.

“आरं, मी करू तरी काय?” तो ओरडला तसा गोठ्यातला बैल उठून उभा राहिला. “बोलू तवा चुकलो, न बोलू तवा चुकलो! ताट सारलं तवा चुकलो, गिळलं तवा चुकलो! मालोजीराव, आख्खा हंगाम त्या थेरड्याला डोंगरावर वाहिलाय मी, ह्या एका दिसासाटी! त्यो म्हंतो, हातात नसंल ते सोड. पोर माझ्या हातात नाय, मला काय कळत नाय व्हय? पोर तुमच्या हातात हाय. पन सोडवत नाय मला! माझा बाप असाच ताठला व्हता. चिंधी… माझी भईन… तिला आनाया गेला नाय. मी म्हनत व्हतो, बा, मी जातो. त्यो म्हनाला, गेलास तर तंगडी मोडीन. मी गेलो नाय. अन् ती गेली. आता मला शिव्या द्या, ताटाला नाय, माझ्या पायाला दोरी बांधा, पोशीरचा तांदूळ कोंबड्यांना घाला न्हायतर उकिरड्यावर घाला, पन माझी पोर द्या!”

आणि त्यानं हात जोडले. रागानं जोडलेले हात कुणी पाहिले नसतील. खालापूरकरांनी ते त्या दिवशी पाहिले.

अंबाबाई रडत होती. मालोजीरावांनी खाकरून घसा साफ केला, इकडंतिकडं बघितलं.

“कोंबड्यांना नाय घालत आता,” ते हळूच म्हणाले. “खाईनात त्या. खालापूरच्या कोंबड्या हायेत.”

सहदेवनं उपरण्यानं नाक पुसलं. “मंग तुमच्या कोंबड्यांना बी तुमच्यावानीच अक्कल कमी.”

मालोजीरावांनी मांडीवर थाप मारली. “हां! आत्ता आला माझा व्याही! सकाळपासनं कोन बसलं व्हतं रं इतं? इंदे, बोचकं बांध गं पोरी.”

परतीच्या वाटेवर उतार आला की सहदेव गाडीतून खाली उतरे आणि मागच्या बाजूला खांदा लावून गाडी धरी. माथेरानवर उताराला रिक्षा ओढायची नसते, मागून धरायची असते, ती सवय.

“बा, बैलं हायेत की,” इंदू म्हणाली.

“बैलांना काय म्हाईत आत कोन बसलंय ते.”

पुढं माथेरानवर त्यानं साहेबांना सगळं सांगितलं, जरा घुश्श्यातच. तुमच्या मात्रेनं पोर हातची जात होती म्हणाला, तोंड उघडलं तेव्हा काम झालं. साहेबांचा चेहरा उजळला. “पण तोंड तुझ्याच हातात होतं ना, सहदेवा? म्हणजे लागू पडली की मात्रा!” सहदेवनं दांड्या घट्ट धरल्या. नाहीतर त्या दिवशी म्हातारा पुन्हा चालत घरी गेला असता.

चैत्रात एका सकाळी इंदूला कळा सुरू झाल्या. सुईण सोनाबाई आली. भागूबाईनं नवऱ्याला दाराबाहेर काढलं. “मधी मधी करू नगा. तितं बसा.”

तो अंगणात बसला. आत इंदू कण्हत होती. आतलं आपल्या हातात नाही, त्यानं मनाला सांगितलं. मनानं ऐकलं नाही. त्यानं परफेसरला एक शिवी घातली, बापाला एक घातली. तेवढ्यात आतून सोनाबाई ओरडली, “पानी तापवाया लाकडं बगा कुनी!”

हातात घेण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती. सहदेवनं कुऱ्हाड उचलली.

तो लाकडं फोडत सुटला. आत कण्हणं वाढलं की इकडं घाव जोरात पडे. पडवीतली लाकडं संपली, परसातला ओंडका संपला. शेजारचे बघायला आले आणि अंगणभर ढलप्या उडताना बघून लांबच उभे राहिले. त्यांना वाटलं सहदेवला आली. ऊन डोक्यावर आलं. इंदू एकदा मोठ्यानं ओरडली आणि मग एकदम काहीच ऐकू येईना. सहदेवनं हाताला आलं ते लाकूड ओढलं आणि त्यावर घाव घातला, पुन्हा घातला.

आणि आत मूल रडलं.

भागूबाई घामानं निथळत बाहेर आली. तिनं ढीग बघितला. ढिगावरचं लाकूड बघितलं आणि कंबरेवर हात ठेवले.

“अवो! खैराचं लाकूड ह्ये! नांगराच्या दांडीसाटी दोन वर्स सुकवलेलं! फारेस्टवाल्याच्या हातापाया पडून आनलेलं! ह्याची बी ढलपी केलीत?”

“इंदू?” सहदेव म्हणाला.

“हाय, बरी हाय. पोरगी झाली, ती बी बरी हाय. पन आता पेरनीला नांगराला काय लावू? तुमचा परफेसर?”

सहदेवच्या हातातली कुऱ्हाड गळाली. तो त्या ढिगापाशीच खाली बसला. खैराचे तुकडे गोळा करून त्यानं तिच्यापुढं धरले. त्याच्या तळहातांचे फोड फुटून लाकडाला रक्त लागलं होतं.

“तापव पानी ह्याच्यावर,” तो म्हणाला. “माझ्या बापानं चिंधीसाटी एक काटकी बी तोडली नाय गं.”

भागूबाईच्या जिभेवर आणखी पुष्कळ आलेलं होतं. ते तिनं तसंच ठेवलं, पदराची खोळ केली, त्यात ती लाकडं घेतली आणि चुलीकडं गेली.